‘सलात’ म्हणजे नमाज, मग अल्लाह नबींवर ‘सलात’ कशी पाठवतो?

अरबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला लिहिलं: “मॅडम, लहानपणापासून सलात म्हणजे नमाज हेच ऐकत आले. परवा कुराणातली ३३व्या सूरेतली (अध्यायातली) ५६वी आयत (वचन) वाचली, ‘अल्लाह आणि त्याचे फरिश्ते नबींवर सलात पाठवतात’. अल्लाह नमाज पढतो असं तर म्हणता येत नाही. मग इथे सलात म्हणजे काय? आणि आमची दादी म्हणते, नमाज झाली की दोन मिनिटं बसून दुआ मागावी. म्हणजे नमाज ही दुआ नव्हे का? मग सलात आणि दुआ यांत फरक काय?”

हा प्रश्न मला दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी विचारतंच, आणि मला तो फार आवडतो. घरात रोज वापरला जाणारा शब्द अचानक अनोळखी वाटला, की भाषा शिकायला खरी सुरुवात होते. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी ‘नमाज’ हा शब्द बाजूला काढून ठेवू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. नमाज अरबी नाही, फारसी आहे. मध्य फारसीत ‘नमाज’ म्हणजे वाकून केलेलं वंदन. संस्कृतातलं ‘नमस्’, म्हणजे आपल्या नमस्कारातलं ते, त्याच घराण्यातलं. इराणात इस्लाम पोचला तेव्हा तिथल्या लोकांनी पाच वेळच्या उपासनेला आपला घरचा शब्द दिला. उपवासाला ‘रोजा’ म्हटलं, मलकला, म्हणजे देवदूताला, ‘फरिश्ता’ म्हटलं. आणि नबींवर, म्हणजे प्रेषित मुहम्मदांवर, जी सलात पाठवायची असते तिला त्यांनी ‘दरूद’ म्हटलं. हे सगळे शब्द फारसीबरोबर दख्खनमध्ये आणि कोकणात आले आणि आपलेच होऊन गेले.

म्हणजे झालं काय? अरबीत जो एकच शब्द आहे, त्याचे फारसीने दोन केले. सलात अल्लाहसाठी असेल तर नमाज, नबींवर असेल तर दरूद. आपण हे दोन शब्द वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून मोठे होतो. अरबी मुलाला लहानपणापासून दोन्हीकडे एकच शब्द ऐकू येतो, त्यामुळे तुला पडलेला प्रश्न त्याला या रूपात पडत नाही. तू तर हा शब्द दोन्ही अर्थांनी रोजच म्हणतेस. नमाजेच्या शेवटच्या बैठकीत ‘अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मदिन’ म्हणतेस ना? त्यातलं ‘सल्लि’ हे सलातचंच आज्ञार्थी रूप आहे. सलातमध्ये बसून तू अल्लाहला म्हणतेस, ‘हे अल्लाह, मुहम्मदांवर सलात कर.’ तिथे ‘नमाज’ घालून बघ, वाक्य लगेच कोसळतं.

आता मूळ अर्थाकडे. अरबी कोशकार या शब्दाचा पहिला अर्थ ‘दुआ’ असाच देतात, आणि त्याला दाखला म्हणून हमखास एक कविता पुढे करतात. कवी अल्-अअशा, खरं नाव मैमून इब्न कैस, यमामा भागातला. ‘अअशा’ म्हणजे ज्याला नीट दिसत नाही तो. तो प्रेषितांच्या काळात हयात होता, पण इस्लाम न स्वीकारताच गेला, म्हणून त्याची भाषा जुन्या अरबीची साक्ष मानली जाते. कवितेत तो प्रवासाला निघाला आहे, जनावर दाराशी आणून उभं केलं आहे. मुलगी म्हणते, ‘हे रब्बा, माझ्या बापाला आजारांपासून, वेदनांपासून दूर ठेव.’ बाप तिला उत्तर देतो: ‘अलैकि मिस्लुल्लजी सल्लैति’. तू जी सलात केलीस तशीच तुझ्यावरही असो. आता डोळे मीट, झोप. माणसाच्या कुशीला कुठेतरी आडवं व्हायचंच आहे.

ही ओळ मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते. इथे वुजू (नमाजेआधीचं हातपाय धुणं) नाही, किब्ला (काबागृहाची दिशा) नाही, रुकू (वाकणं) नाही, सजदा (माथा टेकणं) नाही. निघालेल्या बापासाठी मुलीच्या तोंडून एक वाक्य निघालं आणि बापाने त्याला सलात म्हटलं. शब्दाचा हा गाभा हाताला लागला, की पुढचे बरेचसे अर्थ त्याच्याभोवती आपोआप येऊन बसतात. दुसऱ्याकडे वळायचं, आणि वळून भलं मागायचं किंवा भलं द्यायचं.

पण नुसता गाभा पुरत नाही. अरबी क्रियापदाचा अर्थ त्याच्या मागून येणाऱ्या छोट्या अव्ययावर ठरतो, आणि हेच शिकवताना सगळ्यात जास्त वेळ लागतो. मराठीत हे आपल्याला नवं नाही. ‘त्याच्याशी बोलला’, ‘त्याला बोलला’ आणि ‘त्याच्यावर बोलला’ यांत बोलणं एकच आहे, पण पहिल्यात गप्पा आहेत, दुसऱ्यात रागावणं असू शकतं, तिसऱ्यात कुणाबद्दल तरी भाषण आहे. सलातचं क्रियापद आहे ‘सल्ला’, त्याचंही तसंच.

‘सल्ला लि’ म्हणजे कुणासाठी उपासना करणं, आणि हे ‘कुणासाठी’ म्हणजे अल्लाहसाठी. १०८व्या सूरेत ‘फसल्लि लिरब्बिक’, आपल्या रब्बासाठी सलात कर. ही नमाज. ‘सल्ला इला’ म्हणजे एखाद्या दिशेला तोंड करून नमाज पढणं. म्हणून हदीसमध्ये (प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत) कबरींकडे तोंड करून नमाज पढू नका असं सांगताना ‘इला’ येतं. ‘सल्ला बि’ हे ऐकायला साधं वाटतं, ‘आमच्यासह नमाज पढली’, पण त्याचा अर्थ ‘आम्हाला नमाज पढवली’, म्हणजे पुढे उभं राहून इमामत केली. अनुवादकांच्या हातून इथे नेहमी चूक होते. हदीसमध्ये ‘सल्ला बिना’ आलं, की ‘आमच्यासोबत’ लिहून मोकळे होतात आणि इमाम गर्दीत हरवतो.

आणि चौथं, ‘सल्ला अला’. ‘अला’ म्हणजे ‘वर’. हे आलं की रोख माणसाकडे वळतो, आणि अर्थ दुआकडे. ९व्या सूरेतली १०३वी आयत बघ. प्रेषितांना सांगितलं आहे, यांच्या मालमत्तेतून सदका (दान) घे, ‘व सल्लि अलैहिम’, आणि त्यांच्यावर सलात कर. ‘इन्न सलातक सकनुल्लहुम’, तुझी सलात त्यांना निवांतपणा देणारी आहे. दान घेऊन आलेल्या माणसासाठी नमाज पढायची नव्हती, त्याच्यासाठी दोन शब्द मागायचे होते. हदीसमध्ये हे घडतानाही दिसतं. अबू औफा आपला सदका घेऊन आले तेव्हा प्रेषित म्हणाले, ‘अल्लाहुम्म सल्लि अला आलि अबी औफा’, हे अल्लाह, अबू औफाच्या घरच्यांवर सलात कर. एवढंच वाक्य, आणि आयतीतला हुकूम पूर्ण झाला.

याच ‘अला’मुळे जनाजाच्या, म्हणजे अंत्यविधीच्या, नमाजेचं कोडंही सुटतं. तिच्यात रुकू नाही, सजदा नाही. उभ्यानेच चार तकबीर (‘अल्लाहु अकबर’ म्हणणं). मग तिला सलात का म्हणायचं? कारण ती ‘सल्ला अलल् मय्यित’ आहे, मयतावरची सलात. दुसऱ्या तकबीरनंतर दरूद, तिसऱ्या तकबीरनंतर गेलेल्या माणसासाठी दुआ. तिचा सगळा भार या दुआवर आहे. आम्ही कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई; शाफई आणि हनफी हे धर्मकायद्याचे दोन मजहब, म्हणजे परंपरा. आमच्याकडे आखातात कुणी वारलं, दफन तिकडेच झालं, तर गावच्या मशिदीत त्याची गायबाना नमाज होते, कारण शाफई मजहबात त्याला मुभा आहे; हनफींमध्ये नाही. लहानपणी मला वाटायचं, समोर जनाजा नसताना ही नमाज कुणाची? अरबी शिकल्यावर कळलं की ‘अला’ला समोर मय्यित असण्याची गरज भाषेत तरी नाही. मजहबांतला मतभेद फिकहचा (धर्मकायद्याचा) आहे, शब्दाचा नाही.

आता तुझ्या मूळ आयतीकडे येऊ, ‘युसल्लून अलन् नबी’. अव्यय ‘अला’ आहे, म्हणजे नमाजेचा प्रश्न तिथेच मिटला. उरतो प्रश्न असा: दुआ म्हणजे मागणं, मग अल्लाह कुणाकडे मागेल? जुन्या भाष्यकारांनी याचं उत्तर देताना करणारा कोण हे पाहिलं. माणसांची सलात म्हणजे दुआ. फरिश्त्यांची सलात म्हणजे क्षमायाचना, इस्तिगफार. अल्लाहची सलात म्हणजे रहमत, कृपा. ही तिहेरी वाटणी बहुतेक मदरशांत आजही शिकवतात, आणि सुरुवातीला ती कामाचीही आहे.

पण ती सगळ्यांना पटली नाही, आणि मलाही पूर्ण पटत नाही. प्रेषितांच्या सहकाऱ्यांनंतरच्या पिढीतले बसऱ्याचे विद्वान अबुल आलिया यांचं म्हणणं बुखारी यांच्या हदीससंग्रहात नोंदलं आहे: अल्लाहची नबींवरची सलात म्हणजे फरिश्त्यांसमोर त्यांची केलेली स्तुती. पुढे १४व्या शतकात दमास्कसच्या इब्न कय्यिम यांनी याच बाजूने जोरदार युक्तिवाद केला. २ऱ्या सूरेतल्या १५७व्या आयतीत धीर धरणाऱ्यांबद्दल म्हटलं आहे, त्यांच्यावर त्यांच्या रब्बाकडून ‘सलवातुन् व रहमा’, सलवात (सलातचं अनेकवचन) आणि रहमत. दोन्ही एकच असतील तर मध्ये ‘व’ कशाला? शिवाय रहमत तर सगळ्या सृष्टीवर असते, सलात काही निवडक जणांवर. हा ‘व’चा मुद्दा मला अजूनही सगळ्यात वजनदार वाटतो. शब्दाचं वजन मोजायचं तर त्याच्या शेजारी कोण बसलंय ते पाहावं, आणि इथे शेजारी खुद्द रहमत बसली आहे.

त्याच ३३व्या सूरेत थोडं आधी, ४३व्या आयतीत, ‘तोच तुमच्यावर सलात करतो आणि त्याचे फरिश्तेही, तुम्हाला अंधारांतून उजेडात आणण्यासाठी’ असं सामान्य श्रद्धावंतांना उद्देशून आलं आहे. म्हणजे अल्लाहची सलात फक्त नबींसाठी आहे असंही नाही. मराठीत ५६वी आयत लिहायची वेळ आली, तर मी ‘अल्लाह आणि त्याचे फरिश्ते नबींचा गौरव करतात, त्यांच्यावर कृपा पाठवतात, श्रद्धावंतांनो, तुम्हीही त्यांच्यावर दरूद आणि सलाम पाठवा’ असं लिहिते. दुसऱ्या भागात ‘दरूद’ वापरते, कारण मराठी मुसलमान वाचकाला आपण काय करायचं आहे ते त्याच शब्दातून कळतं. पहिल्या भागात तो शब्द अल्लाहसाठी वापरवत नाही. एकाच क्रियापदाला एका ओळीत दोन मराठी शब्द द्यावे लागतात याची मला खंत आहे, पण तसं न करणारा अनुवाद वाचकाला तुझ्याच प्रश्नापाशी नेऊन सोडतो.

नावापुढे लिहितात ते ‘सल्लल्लाहु अलैहि व सल्लम’ही इथेच समजून घे. मराठी पुस्तकांत ते ‘(स.)’ किंवा ‘(सल्ल.)’ असं छापतात. शब्दशः पाहिलं तर ते भूतकाळी आहे, ‘अल्लाहने त्यांच्यावर सलात केली’. पण अरबीत शुभेच्छा आणि दुआ भूतकाळी रूपात बोलतात. ‘रहिमहुल्लाह’, ‘गफरल्लाहु लहू’, सगळी रूपं तशीच, आणि अर्थ ‘करो’, ‘होवो’ असा. भूतकाळी रूप म्हणजे झालेलीच गोष्ट असं मराठी माणसाने तरी समजू नये. खालून कुणी हाक मारली की आपणही ‘आलोच’ म्हणतो आणि अजून चप्पल शोधत असतो.

दुआचं काय? तिचा धातू वेगळा: द, ऐन, व. मूळ अर्थ हाक मारणं, बोलावणं. याच धातूतून ‘दावत’ आली, जेवायला बोलावणं. ‘दावा’ही त्यातलाच, मग तो कोर्टात लावलेला असो वा पिढ्यान् पिढ्या चाललेला. हक्कासाठी हाक मारणारा तो मुद्दई. आपण मराठीत ‘गोरगरिबांचा दुवा घ्यावा’ म्हणतो तेव्हा आणि वकील ‘दावा दाखल केला’ म्हणतो तेव्हा दोघेही एकाच अरबी धातूच्या दोन फांद्यांना धरून असतात. (दोन गोष्टींना जोडतो तो ‘दुवा’ मात्र निराळा. प्रवचनांत कधीकधी दोन्ही एकत्र गुंफतात. ऐकायला छान वाटतं, पण त्याला व्युत्पत्ती समजू नये.)

कुराणात दुआ नेहमी प्रार्थनाच असते असंही नाही. २४व्या सूरेतल्या ६३व्या आयतीत ‘दुआअर् रसूल’ म्हणजे रसूलांचं बोलावणं, किंवा रसूलांना हाक मारणं; तुम्ही एकमेकांना मारता तशी ती समजू नका, असं तिथे बजावलं आहे. आणि ‘दआ बिमाइन’ म्हणजे पाण्याची प्रार्थना केली असं नव्हे, पाणी मागवलं.

सलात आणि दुआ यांच्यातला सगळ्यात धोक्याचा फरक पुन्हा त्याच ‘अला’पाशी आहे, म्हणून इथे थांब. ‘दआ लहू’ म्हणजे त्याच्यासाठी दुआ केली, भलं मागितलं. ‘दआ अलैहि’ म्हणजे त्याच्याविरुद्ध मागितलं, बददुआ दिली. पण ‘सल्ला अलैहि’ म्हणजे भलंच. म्हणजे एकच ‘अला’ दुआच्या मागे आला की शाप होतो आणि सलातच्या मागे आला की आशीर्वाद. ‘सलातचा अर्थ दुआ’ एवढं पाठ करून जो सरळ एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवतो, तो आयतीचा अर्थ उलटा करून बसतो. आणि इब्न कय्यिम यांनी हाही मुद्दा मांडला होता: दोन शब्द पूर्ण समानार्थी असते तर अव्यय बदलल्यावर असे विरुद्ध टोकांना गेले नसते. तेव्हा सलातच्या पोटात दुआ आहे हे खरं, पण सलात म्हणजे दुआ एवढंच नाही. तिच्यात माया आणि ओढ आहे, ज्याच्यावर ती होते त्याच्याकडे झुकणं आहे. दुआ ही हाक आहे. ती कुणाच्या बाजूनेही मारता येते आणि कुणाच्या विरुद्धही.

हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात बघायचे असतील तर एक हदीस सांगते. ‘मुस्लिम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हदीससंग्रहात आहे. ‘इजा दुइय अहदुकुम फल्युजिब, फइन कान साइमन फल्युसल्लि, व इन कान मुफ्तिरन फल्यत्अम’. सुरुवातीचं ‘दुइय’ दुआच्याच धातूचं, पण अर्थ ‘जेवायला बोलावलं गेलं’. तुमच्यापैकी कुणाला बोलावलं तर त्याने जावं. रोजा नसेल तर जेवावं. आणि रोजा असेल तर ‘फल्युसल्लि’. इथे नवखा अनुवादक लिहितो, ‘तर त्याने नमाज पढावी’. आता विचार कर. कुणीतरी हौसेने रांधून बोलावलंय, पाहुणा रोज्याने आहे, जेवू शकत नाही. तो एका कोपऱ्यात जाऊन नमाज पढेल की यजमानांना तोंड भरून दुआ देईल? तिथे नमाजच पढावी असं म्हणणारेही काहीजण झाले, पण बहुतेक भाष्यकारांनी ‘यजमानांसाठी दुआ करावी’ हाच अर्थ घेतला आहे. मला तो फार सुंदर वाटतो. बोलावण्याला गेलास, जेवता आलं नाही, तर रिकाम्या हाताने परत येऊ नकोस, त्यांच्या घरावर सलात ठेवून ये.

बाकीचे अर्थ भराभर सांगते, कारण एकदा संदर्भ कळला की ते अडवत नाहीत. एका हदीसमध्ये अल्लाह म्हणतो, मी सलात माझ्यात आणि माझ्या बंद्यात अर्धी अर्धी वाटली आहे, आणि लगेच सूरे फातिहाच्या (कुराणाच्या पहिल्या सूरेच्या) एकेका आयतीचा उल्लेख येतो. तिथे सलात म्हणजे फातिहा. १७व्या सूरेतल्या ११०व्या आयतीत ‘आपली सलात फार मोठ्याने करू नकोस, फार हळूही नको’ असं आहे. प्रेषितांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी त्याचा अर्थ नमाजेतलं पठण असा घेतला, प्रेषितांच्या पत्नी हजरत आइशा यांनी दुआ असा. ८व्या सूरेत मक्केच्या विरोधकांच्या काबागृहापाशी चालणाऱ्या शिट्ट्या आणि टाळ्यांनाही ‘त्यांची सलात’ म्हटलं आहे. २४व्या सूरेत पंख पसरलेले पक्षीसुद्धा आपापली सलात आणि तस्बीह (अल्लाहचं गुणगान) जाणतात. याउलट ‘अकीमू’ म्हणजे कायम करा, आणि त्याच्यापुढे ‘अस्सलात’, असं दिसलं की बिनधास्त नमाज लिही. जकातचा (सक्तीच्या दानाचा) उल्लेख तर बहुतेक वेळा शेजारीच असतो.

२२व्या सूरेतल्या ४०व्या आयतीतला अर्थ मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. तिथे मठ, चर्च, ‘सलवात’ आणि मशिदी अशी उपासनास्थळांची यादी आहे. सलवात म्हणजे तिथे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, असं बहुतेक भाष्यकार सांगतात. प्रार्थनेचा शब्द जागेला लागला. आणि याच वाटेने आपण शब्दाच्या माहेरी पोचतो. सिरियाक या अरामी भाषेत प्रार्थनेला ‘स्लोता’ म्हणतात, आणि त्या लिपीत हा शब्द ‘वाव’ हे अक्षर घालून लिहितात. कुराणाच्या जुन्या लेखनातही ‘सलात’मध्ये अलिफच्या जागी वाव दिसतो, तू मुसहफ (कुराणाची प्रत) उघडून बघ. अरबीने हा शब्द अरामीकडून घेतला असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. इथिओपियात अम्हारिक भाषेत प्रार्थना म्हणजे ‘त्सेलोत’. ज्यूंच्या कद्दीश प्रार्थनेत, जी बरीचशी अरामीतच आहे, ‘तित्कब्बल त्सलोतेहोन’ असं येतं, त्यांच्या प्रार्थना कबूल होवोत. आपल्या कोकणातले बेने इस्रायली, घरात मराठी बोलणारे, ते सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत आले; मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवरचं १७९६ सालचं त्यांचं सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखलं जातं. म्हणजे कद्दीश म्हणताना अरामी ‘सलोता’ आणि जागेला अरबी ‘मशीद’, हे दोन्ही एका मराठी कुटुंबाच्या तोंडी. मला या शब्दाच्या प्रवासातलं हे ठिकाण सगळ्यात प्रिय आहे.

अरब कोशकारांनी घरातल्या घरातही व्युत्पत्ती शोधल्या. शर्यतीत दुसऱ्या क्रमांकाच्या घोड्याला ‘मुसल्ली’ म्हणतात, कारण त्याचं डोकं पहिल्याच्या ‘सला’पाशी, म्हणजे पाठीच्या खालच्या हाडांपाशी असतं, रुकूत हीच हाडं वाकतात म्हणून सलात, असं काहींनी जोडलं. कोशकार इब्न फारिस यांनी या अक्षरांचे सरळ दोन धातू मानले, एक आगीचा आणि एक उपासनेचा, आणि ते बरं केलं. नाहीतर ‘सयस्ला नारन’, तो आगीत होरपळेल, यातही विद्यार्थी नमाज शोधतात. तसंच मराठीतला ‘सल्ला’, हिंदी-उर्दूतली ‘सलाह’ आणि ‘सलाम’ यांचा सलातशी काही संबंध नाही. पहिल्या दोघांच्या शेवटी अरबीत जड ‘ह’ आहे, तिसऱ्याचा तर ‘स’सुद्धा वेगळा.

एक चूक माझ्या हातून झालेली सांगते. अनुवादाची कामं घ्यायला लागले त्या सुरुवातीच्या वर्षांत एक शोकपत्र आलं होतं. आखातात नोकरी करणाऱ्या इकडच्या एका माणसाच्या घरच्यांना, त्याच्या लेबनॉनच्या सहकाऱ्यांनी लिहिलेलं. त्यात होतं, ‘नुसल्ली लिअज्लिही’. मी लिहिलं, ‘आम्ही त्याच्यासाठी नमाज पढतो’. पत्र लिहिणारे ख्रिस्ती होते. शेवटी त्यांच्या चर्चचं नाव होतं आणि ते मी पाहिलंही होतं. पण सलात म्हटलं की हात आपोआप ‘नमाज’ लिहून गेला. अरब ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा शब्द सलात हाच आहे. येशूने शिकवलेली प्रार्थना त्यांच्याकडे ‘अस्सलातुर् रब्बानिय्या’, आणि मरियमला उद्देशून ते ‘सल्ली लिअज्लिना’ म्हणतात, आमच्यासाठी विनंती कर. मयताच्या भावाने मला विचारलं, “हे लोक मुसलमान होते का?” तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी ते पान पुन्हा लिहून दिलं, ‘आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतो’. दुःखात असलेल्या घरात चुकीचा शब्द पाठवल्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून कुठल्याही कागदावर सलात दिसली की मी आधी तो कागद कुणाचा आहे ते बघते.

राहिली तुझ्या दादीची गोष्ट. ती म्हणते ते चुकीचं नाही. पण दुआ फक्त नमाजेनंतरच असते असं समजू नकोस. फातिहातलं ‘इह्दिनस् सिरातल् मुस्तकीम’, आम्हाला सरळ वाट दाखव, ही दुआच आहे. सजद्यात बंदा आपल्या रब्बाच्या सगळ्यात जवळ असतो, तेव्हा तिथे खूप दुआ करा, अशी हदीस आहे. तुम्ही शाफई असाल तर फजरच्या (पहाटेच्या नमाजेच्या) दुसऱ्या रकातीत (आवर्तनात) रुकूतून उठल्यावर इमाम हात उचलून कुनूत ही दुआ म्हणतात आणि मागची सफ (रांग) आमीन म्हणते. हनफी घरांत कुनूत रात्रीच्या वित्र नमाजेत येते. ती नमाजेच्या मधोमध ठेवलेली दुआ. आणि शेवटच्या बैठकीतलं दरूद आमच्या शाफई मजहबात तर रुक्न आहे, ते सुटलं तर नमाजच होत नाही. म्हणजे अल्लाहसाठीची सलात पूर्ण व्हायला आधी नबींवर सलात मागावी लागते.

आज फजरला उठलीस तर अजानीत ‘हय्य अलस्सलाह’ दोनदा आणि मग ‘अस्सलातु खैरुम् मिनन् नौम’ ऐक, सलात झोपेहून चांगली. नंतर शेवटच्या बैठकीत ‘सल्लि’ आणि ‘सल्लैत’ येतील, त्यांच्यामागचा ‘अला’ बोटाने मोजत जा. किती ठिकाणी येतो ते पुढच्या तासाला मला सांग.